दिवसातून दोनदा ब्रश करूनही तोंडाला वास येतो, नक्की कुठून येत असेल?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी. विषय जरा लाजिरवाणा आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय, कुणी ओळखलंच तर कृपया ओळख दाखवू नका.

माझ्या तोंडाला वास येतो. गेल्या महिन्यापर्यंत मला हे माहीतच नव्हतं. रात्री झोपताना मुलीला गोष्ट सांगतो, पाच वर्षांची आहे, तर तिने मधेच माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून पलीकडे वळवला आणि म्हणाली "बाबा तिकडे बघून सांग ना". मला आधी गंमत वाटली, मग बायकोकडे बघितलं तर ती एकदम गप्प. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली की अरे वर्षभर तरी येतोय, रोज नाही पण येतो, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. वर्षभर!! म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसून एकच स्क्रीन बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असणार आणि मी आपला त्यांच्या कानाशी लागून बोलत होतो.

तेव्हापासून जे सुचेल ते करतोय. ब्रश आधीही दोनदाच करायचो, आता तीनदा करतो. माऊथवॉशची एक बाटली संपली, दुसरी चालू आहे. खिशात पुदिन्याच्या गोळ्या. ज्याला विचारावं तो म्हणतो पोट साफ नसेल, म्हणून पोटाचं औषध पण महिनाभर घेतलं, पोट साफ झालं, वास आहे तिथेच. माऊथवॉश केल्यावर अर्धा-पाऊण तास बरं असतं म्हणे (बायकोला दर वेळी विचारतो, ती आता वैतागलीये).

आता प्रश्न असा की हे खरंच पोटातून येतं का, आणि दुसऱ्याला न विचारता स्वतःचं स्वतःला कसं कळणार? लिफ्टमध्ये श्वास रोखून उभा राहतो मी, इतकी वाईट अवस्था आहे.

उगाच_एक:
पाणी कमी पित असाल. मला पण यायचा, पाणी वाढवलं, गेला. बाकी पोटच असणार, दुसरं काय.

दंतकथा:
आयडीवरून अंदाज आला असेल, दातांचाच धंदा आहे माझा, वीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघतोय. तेव्हा जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी बिचाऱ्या पोटाबद्दल. अन्ननलिका म्हणजे उघडी चिमणी नव्हे की खालचा धूर सतत वर येत राहील, एरवी ती मिटलेली असते. ढेकर आली तर तेवढ्यापुरता वास येतो, ॲसिड घशापर्यंत वर येण्याचा खूप त्रास असेल तर थोडाफार संबंध असू शकतो. पण कायम वास येणाऱ्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांचा उगम तोंडातच सापडतो. पोटाचं औषध घेऊन महिना वाया घालवणारे तुम्ही पहिले नाही, माझ्याकडे तर असे लोक येतात ज्यांनी पोटाच्या सगळ्या तपासण्या केलेल्या असतात आणि आरशासमोर जीभ बाहेर काढून एकदाही बघितलेलं नसतं.

आता जीभ. पुढचा भाग नाही, मागचा, जिथे ब्रश गेला की उमासा येतो तिथला. तिथला पृष्ठभाग गालिच्यासारखा असतो, खाचाखोचांचा, त्यात अन्नाचे कण, तोंडातल्या मेलेल्या पेशी, नाकातून मागे उतरणारा शेंबूड असं सगळं साचतं आणि त्यावर ज्यांना ऑक्सिजन नको असतो असे जंतू मजेत राहतात. ते प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे कुजक्या अंड्याचा वास आणि मिथाइल मरकॅप्टन, तो तर त्याहून घाण. हेच जंतू हिरडी आणि दाताच्या मधल्या खिशात पण असतात. म्हणजे तुम्ही तीन काय पाच वेळा दात घासा, ब्रश फिरतोय दाताच्या दर्शनी बाजूवर आणि कारखाना चालू आहे भलतीकडेच.

लाळ हा सगळा माल सतत धुऊन नेत असते, दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होते. झोपेत ती जवळपास थांबते, म्हणून सकाळी उठल्या उठल्या जगात प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. तोंड धुतल्यावर आणि काहीतरी खाल्ल्यावरही राहतो तो खरा प्रॉब्लेम. उगाच_एक यांचं पाण्याचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर आहे, पोटाचं सोडा.

स्वतः तपासायचं असेल तर तळहातावर हा करून हुंगण्यात काही अर्थ नाही, स्वतःच्या वासाला नाक सरावलेलं असतं. मनगट चाटा, आठ-दहा सेकंद वाळू द्या, मग हुंगा. ही जिभेच्या पुढच्या भागाची परीक्षा. मागच्या भागासाठी चमचा उलटा धरून हलकेच खरवडा आणि त्यावर जे येईल त्याचा वास घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लॉस म्हणजे तो दात साफ करायचा धागा घ्या, मागच्या दाढांच्या प्रत्येक फटीतून काढा आणि दर वेळी वेगवेगळा हुंगून बघा. घाण वाटेल पण करा.

आणि एवढं सांगा: ब्रश करताना रक्त येतं का, सकाळी तोंड कोरडं पडलेलं असतं का, कुठली गोळी रोज चालू आहे का, तोंडात कॅप किंवा ब्रिज आहे का, सिगरेट ओढता का.

रात्रपाळी:
माझा अनुभव सांगते कारण मी पण दोन वर्षं दातांच्या मागे लागले होते आणि दात ठणठणीत निघाले. एकदा खोकताना तोंडातून तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट पांढरा खडा बाहेर पडला. मला वाटलं अन्नाचा कण, म्हणून बोटात धरून दाबला तर तो मऊ होता आणि जो काही वास सुटला ना, बापरे, हात तीनदा धुतले तरी जाईना. मग कळलं की टॉन्सिलला खळगे असतात त्यात हे असं साचून घट्ट होतं, टॉन्सिल स्टोन म्हणतात. घशात काहीतरी अडकल्यासारखं पण वाटायचं मला, ते पण यामुळेच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं घाबरण्यासारखं काही नाही, कोमट मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या करा, आणि काडीने, पिनेने उकरायला जाऊ नका, टॉन्सिल नाजूक असतं, रक्त येतं. (मी आधी उकरलं होतं. रक्त आलं होतं.) आता वर्षातून दोन-तीनदा होतं, गुळण्यांनी निघून जातं. मोबाईलचा टॉर्च मारून आरशात घसा बघा एकदा.

खिडकीपाशी:
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

दंतकथा साहेब, काल रात्री सगळे झोपल्यावर बाथरूमचं दार लावून सगळी परीक्षा दिली. मनगट: थोडासा. चमचा: पिवळसर चिकट थर आला, वास होता पण मला वाटलं होतं तितका नाही. मग धागा. वरच्या दाढा ठीक, उजवीकडे खाली ठीक, डावीकडे खाली शेवटून दुसऱ्या दाढेच्या मागच्या फटीतून धागा काढला आणि नाकाजवळ नेला तर अक्षरशः मान मागे गेली. नाल्यावर उभं राहिल्यासारखं. त्याच दाढेवर कॅप आहे, चार वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून बसवलेली. धाग्याला थोडं रक्त पण होतं. दुखत काहीच नाही, म्हणून कधी लक्षच गेलं नाही, फक्त जेवल्यावर तिथे काहीतरी अडकतं आणि मी जिभेनेच काढत बसतो, सवयच लागलीये.

बाकी उत्तरं अशी: सिगरेट नाही. ॲलर्जीची गोळी रात्री रोज घेतो, नाक चोंदतं म्हणून. झोपेत तोंड उघडं असतं असं बायको म्हणते, सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. टॉन्सिल टॉर्चने बघितले, काही दिसलं नाही.

आता कॅपच्या डॉक्टरकडे परत जायचं म्हणजे तो सांगणार स्केलिंग करा. स्केलिंगने दात हलायला लागतात असं घरात सगळे म्हणतात, माझ्या काकांचे हललेच होते.

दंतकथा:
सापडला की चोर! म्हणजे निदान एक तरी सापडला. इथे बसून निदान करत नाही, पण अंदाज सांगतो. कॅप आणि मागची दाढ यांचा एकमेकींना घट्ट स्पर्श राहिला नसेल तर प्रत्येक घासाला त्या फटीत अन्न ठेचलं जातं, तिथली हिरडी सुजते, खिसा खोल होतो. निरोगी हिरडीचा खिसा 1 ते 3 मिलिमीटर असतो, त्यापेक्षा खोल गेला की ब्रश काय आणि धागा काय, तळापर्यंत पोचत नाही. दुसरी शक्यता म्हणजे कॅपच्या कडेखाली कीड लागलीये. रूट कॅनाल झालेल्या दाताची नस काढलेली असते, त्यामुळे आत कितीही किडला तरी तो ठणकून सांगणार नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हे त्या दाढेच्या बाबतीत विसरा. एक्स-रे काढावाच लागेल.

स्केलिंगचं म्हणाल तर हे मी आठवड्यातून चारदा ऐकतो. दातांवर जो कडक थर बसतो, टार्टर, तो ब्रशने निघत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. काकांचे दात हलायला लागले ते हाड आधीच झिजलं होतं म्हणून, मधे टार्टर सिमेंटसारखा धरून बसला होता, तो काढल्यावर जे होतं ते कळलं. आणि दातांच्या मधे फटी पडल्यासारख्या वाटतात ती सूज उतरल्याची खूण असते. दोन-चार दिवस थंड पाणी झोंबेल, तेवढं सोसा.

गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, पण ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते हे लक्षात असू द्या, डिप्रेशनच्या आणि बीपीच्याही काही गोळ्यांनी होते. त्यात तुम्ही तोंडाने श्वास घेता, म्हणजे रात्रभर वाळवंट. नाकाचा इलाज नीट करून घेतलात तर अर्धी लढाई तिथे जिंकाल.

माऊथवॉश हा अत्तराचा प्रकार आहे, अंघोळ नव्हे. त्यातही अल्कोहोलवाला असेल तर तोंड अजून कोरडं पडतं. घ्यायचाच तर जस्त, म्हणजे झिंक असलेला घ्या, ते त्या गंधकाच्या वायूंना बांधून टाकतं. क्लोरहेक्सिडिनवाला जोरदार असतो, पण तो डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते. आणि पेस्टने ब्रश केल्यावर लगेच घ्यायचा नाही, अर्धा तास जाऊ द्या, बऱ्याच पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो.

जीभ रोज एकदा मागून पुढे, तीन-चार ओढी, हलक्या हाताने. चकचकीत करायची नाहीये, लोक रक्त काढतात.

सांजवात:
दंतकथा यांनी तोंडाचं सगळं सांगितलंच आहे, पण ते जे दहातले एक-दोन उरतात ना त्यातली माझी आई होती. तिच्या श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा, पिकून गेलेल्या फळासारखा गोडूस वास यायला लागला, आम्ही कवळी नीट धुतली नसेल म्हणून तिच्यावरच डाफरलो. दोन दिवसांनी तिला उलट्या, धाप, ग्लानी. शुगर प्रचंड वाढली होती, अंगात कीटोन साचले होते, आयसीयूत न्यावं लागलं. सुदैवाने वाचली. तेव्हा डायबेटिस असलेल्या माणसाच्या श्वासाला असा वास आला आणि सोबत बरं वाटत नसेल तर पेस्ट बदलत बसू नका, सरळ हॉस्पिटल. (कर्बोदकं एकदम बंद करून डाएट करणाऱ्यांच्या तोंडाला पण तसाच वास येतो म्हणे, तो वेगळा, त्यात घाबरायचं नसतं.) किडनी निकामी होत आली की अमोनियासारखा वास येतो हे पण तेव्हाच वॉर्डात कळलं.

आणि एक, लहान मूल असेल आणि अचानक घाण वास यायला लागला, त्यातही एकाच नाकपुडीतून घाण शेंबूड येत असेल, तर नाकात काहीतरी कोंबलंय का ते बघून घ्या डॉक्टरकडून. आमच्या भाचीने खोडरबराचा तुकडा घातला होता, आम्ही तीन आठवडे सर्दीचं औषध देत होतो. स्वतः काढायला जाऊ नका, आणखी आत जातं.

कवळीवाल्यांनी रात्री कवळी काढून ठेवा हो. आई झोपताना पण घालून ठेवायची.

कोपऱ्यातली_खुर्ची:
मी जरा उलटी गोष्ट सांगतो. मला सहा वर्षं खात्री होती की माझ्या तोंडाला वास येतो. समोरच्याने नाकाला हात लावला, खिडकी उघडली, कुणी च्युइंगम पुढे केलं, की झालं, पुरावा मिळाला. दिवसाला सात-आठ वेळा ब्रश करायचो, हिरड्या सोलल्या गेल्या, लग्नकार्यांना जाणं बंद केलं. शेवटी एका दंतवैद्याने नीट तपासलं. त्यांची पद्धत साधी असते, स्वतःच्या नाकाने वास घेऊन 0 ते 5 असे गुण देतात, शिवाय गंधकाचे वायू मोजणारं यंत्र असतं. दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, दोन्ही वेळा 0. मी भांडलो त्यांच्याशी की तुमचं यंत्र बिघडलंय. मग त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, राग आला होता पण गेलो, आणि खरं सांगायचं तर उपयोग तिथेच झाला.

या भीतीवर धंदे पण उभे राहिलेत. लिस्टरिन हे माऊथवॉश 1879 मध्ये निघालं ते जखमा, शस्त्रक्रिया यासाठीचं जंतुनाशक म्हणून, जोसेफ लिस्टर या सर्जनच्या नावावरून नाव ठेवलेलं. 1920 च्या दशकात लिस्टरिनवाल्या कंपनीनेच जाहिरातींतून 'हॅलिटोसिस' हा तोंडाच्या वासासाठीचा कठीण शब्द घरोघर पोचवला, तुमच्या पाठीमागे लोक काय बोलतात बघा, अशा थाटात. शंभर वर्षं झाली, जाहिराती अजून त्याच सुरात चालू आहेत.

खिडकीपाशी, तुमचं तसं नाही, तुम्हाला मुलीने आणि बायकोने सांगितलंय, धाग्यानेही सांगितलंय. पण ते लिफ्टमध्ये श्वास रोखणं वाचून राहवलं नाही. दाढ बरी झाली तरी ती सवय मागे राहते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

उगाच_एक:
माझं पाणी प्या एवढंच बरोबर निघालं म्हणायचं. बरं एक शंका, लसूण खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत वास येतो, तेव्हा तर मी जीभ पण घासतो, तरी का जात नाही?

दंतकथा:
कारण तो तोंडात उरलेलाच नसतो. लसणातला एक गंधकाचा पदार्थ पचून रक्तात जातो आणि तिथून फुफ्फुसात, मग तुम्ही तो श्वासातून बाहेर टाकत राहता. घासणार काय, फुफ्फुस? लसणाबरोबर किंवा लगेच नंतर कच्चं सफरचंद, पुदिन्याची पानं, दूध यातलं काही घेतलं तर बराच कमी होतो. नाहीतर वाट बघायची. हा आजार नाही, जेवण आहे.

खिडकीपाशी:
तीन आठवड्यांनी येतोय, आधी लिहायला हवं होतं पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत वेळ गेला.

एक्स-रे काढला. दंतकथा साहेब, दोन्ही होतं. कॅप आणि मागच्या दाढेत फट होती आणि कॅपच्या कडेखाली कीडही. तिथला खिसा 6 मिलिमीटर निघाला. कॅप काढली तेव्हा डॉक्टरांनी मास्क वर सरकवला हे मी बघितलं, ते काही बोलले नाहीत, पण चारशे ब्रश फुकट गेले हे मला तिथेच कळलं. आतून करडं मऊ काहीतरी निघालं, कापसावर घेऊन दाखवलं मला, मी नको म्हणत होतो तरी. कीड साफ केली, सध्या टेंपररी कॅप आहे, पक्की पुढच्या आठवड्यात. स्केलिंग पण झालं, खालच्या पुढच्या दातांच्या मागून, जिभेकडच्या बाजूने एवढा थर निघाला की मला वाटलं दातच मोडला. थंड पाणी झोंबतंय अजून. दात हलत नाहीत, काकांना सांगितलं, ते म्हणाले थांब अजून.

फरक आहे. बायको म्हणते सकाळी असतो तेवढाच, दिवसा नाही. तिला मी आता आठवड्यातून एकदाच विचारायचं असं ठरलंय, लेखी करार केलाय तिने. लिफ्टमधली सवय मात्र गेली नाही, कोपऱ्यातली_खुर्ची यांचं खरं आहे. नाकासाठी ॲलर्जीवाल्या डॉक्टरांची वेळ घेतलीये, गोळीऐवजी नाकात मारायचा स्प्रे चालेल का ते विचारणार आहे.

एकच शंका उरलीये. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश दिलं होतं, दोन वेळा. आता दातांवर आतून तपकिरी डाग दिसतायत आणि चहा बेचव लागतो. मी रोज ब्रशने घासतोय ते डाग, जात नाहीत. परत कीड तर नाही ना?

दंतकथा:
कीड नाही, औषधाचेच डाग आहेत. घासू नका, तुम्ही दाताचं आवरण झिजवाल, पक्की कॅप बसवायला जाल तेव्हा पाच मिनिटांत पॉलिश करून देतील. किती दिवस सांगितलं होतं? बहुतेक दोन आठवडे असणार आणि तुम्ही तिसऱ्यात आहात. फोन करून विचारा आणि बाटली बंद करा. चहा येईल जागेवर.

आणि पक्की कॅप बसवताना सिमेंट लावायच्या आधी त्यांना मागच्या फटीतून धागा घालून दाखवायला सांगा, तो जाताना टक्कन अडकला पाहिजे. सैल सरकला तर तशी कॅप बसवून घेऊ नका, परत लॅबला पाठवायला सांगा. लाजू नका, आम्हाला सवय असते.